केदारखेड्याला कोण उतरलं?

१

"मॅडम, चोर सापडला," असं म्हणत काकासाहेबांनी माझ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर, विद्यार्थ्यांनी आवरून न ठेवलेल्या भिंगांच्या शेजारी, एक करडं यंत्र ठेवलं.

साबणाच्या वडीएवढं यंत्र. आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारून घ्यायची आणि गेलेल्या वाटेची रेघ आठवणीत ठेवायची, एवढंच त्याचं काम. दोन पेन्सिल सेलवर चालतं. जालन्याच्या आमच्या सायकल मंडळाकडे २००८ च्या जानेवारीत अशी दोन यंत्रं होती आणि त्यांचा तोरा मंडळाच्या अध्यक्षांपेक्षा, म्हणजे काकासाहेबांपेक्षा, थोडाच कमी होता.

मी सायकल चालवत नाही. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला या गावात कोणी इस्त्री आणून दाखवतं, कोणी मिक्सर. मंडळाने मला न विचारता तांत्रिक सदस्य करून टाकलं होतं. त्या पदाचं काम आजवर एकच, बैठकीत चहा प्यायचा. मला ते झेपत होतं.

काकासाहेबांनी झालेला प्रकार सांगितला. त्यांना कोणतीही गोष्ट दोनदा सांगायची सवय आहे, मी एकदाच लिहिते. रविवारी मंडळाची मोठी फेरी झाली. जालन्याहून राजूर, केदारखेडा, भोकरदन, सिल्लोड, अजिंठा आणि त्याच रस्त्याने परत. उजाडायच्या आधी निघायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. पूर्ण फेरीला दोघंच निघाले. एक बद्रीनाथ, बियाणं कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. दुसरा धर्मराज, तीर्थपुरीचा, तशाच एका कंपनीच्या गोदामात पोती वाहणारा. दोघांच्या सायकलींना एकेक यंत्र बांधलेलं. पुढच्या महिन्यात पुण्याहून निघणाऱ्या लांब फेरीला मंडळ दोघांना पाठवणार होतं, आणि अट ही की यंत्रातली रेघ पूर्ण असली पाहिजे.

धर्मराज आधी परत आला. बद्रीनाथ त्याच्यामागून बऱ्याच वेळाने. मात्र बद्रीनाथच्या यंत्रात जालना ते जालना अखंड रेघ होती आणि धर्मराजच्या यंत्रातली रेघ परतीच्या वाटेवर केदारखेड्याला संपत होती. पुढे राजूर नाही, जालना नाही, काही नाही.

"सेल संपले असतील," मी म्हणाले.

काकासाहेब या वाक्याची वाटच पाहत होते. सेल नवे होते. दोन्ही यंत्रांत एकाच पाकिटातले, एकाच दिवशी घातलेले. कंपनी म्हणते नवे सेल वीसेक तास चालतात. बद्रीनाथ उशिरा येऊनही त्याचे शेवटपर्यंत चालले, मग याचेच कसे संपले? आणि समजा संपले, तरी केदारखेड्याहून आलेल्या फोनचं काय? मंडळाने केदारखेड्याला नंदाबाईच्या हॉटेलात थांबा ठेवला होता. तिथून नंदाबाईने स्वतः फोन केला आणि काकासाहेबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काय म्हणाली?"

"धर्मराज केदारखेड्याला उतरले. फोन खरखरत होता, पण एवढं स्वच्छ ऐकलं मी. सायकलवरून उतरला, मॅडम. थकला, यंत्र बंद केलं, सायकल टाकली काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावर आणि जालन्याच्या अलीकडे उतरून ताजातवाना होऊन आला. म्हणून तर बद्रीच्या आधी आला."

येत्या रविवारच्या बैठकीत धर्मराजची फेरी बाद करून, फसवणूक केली म्हणून त्याचं नाव मंडळातून काढायचं ठरलं होतं. माझी सही फक्त राहिली होती. तांत्रिक सदस्याची सही.

मी म्हणाले, आधी त्याला विचारते. काकासाहेब म्हणाले, विचारण्यासारखं काही उरलेलं नाही, त्याच्या बापाला आपण तीर्थपुरीला फोन करून कळवूनही टाकलं आहे.

मी पेन बंद करून ठेवलं.

२

धर्मराज दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गोदामातून सरळ आला होता. बियाण्याला लावतात त्या औषधाचा गुलाबी रंग त्याच्या मनगटापर्यंत चढलेला होता आणि त्यामुळे तो खुर्चीच्या हातांना स्पर्श न करता बसला.

मी त्याला सगळं सुरुवातीपासून सांगायला सांगितलं. तो सांगू लागला. पहाटे अंधारातच सायकलींना नंबर लावले, काकासाहेबांनी स्वतः बॅटरी धरली होती, लख्ख उजेड होता. अजिंठ्यापर्यंत वारं अंगावर, येताना पाठीवर. येताना सिल्लोडच्या पुढे त्याने बद्रीनाथला मागे टाकलं. केदारखेड्याला थांबला तेव्हा यंत्राचा पडदा काळा पडलेला होता.

"बटन दाबलं, लागंना. नंदाबाईच्या हॉटेलात पाणी प्यालो, केळं खाल्लं. बाजूच्या दुकानात सेल मागितले तर त्याच्याकडं जाडेच व्हते, पेन्सिल न्हाई. मंग नंदाबाईला म्हणलं, मंडळाला फोन करून सांगा असं असं झालं. अन् निघालो."

"सायकलवर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. विद्यार्थी इतक्या शांतपणे पाहत नाहीत. "मॅडम, जीपच्या टपावर सायकल चढवायला दोन माणसं लागतेत. अन् ड्रायव्हर तिचं बी भाडं घेतो. कुणाला बी विचारा."

वाटेत यंत्राकडे पुन्हा पाहिलं का, असं मी विचारलं. पाहिलं, तो म्हणाला. मध्येमध्ये बटन दाबून पाहत होता. लागायचं, थोडं चालायचं आणि परत मरायचं. राजूरच्या पुढे त्याने नाद सोडला. मी ते ऐकलं आणि, याचा मला आता लिहिताना राग येतो, पुढचा प्रश्न विचारला.

बाप काय म्हणाला, ते मी विचारलं नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं. पुंजाराम, म्हणजे त्याचे वडील, फोनवर फक्त एवढंच म्हणाले होते की गावाकडे सध्या येऊ नको.

"पुण्याला न्हाई गेलो तर न्हाई, मॅडम. पण जीपमधी बसलो म्हणतेत. ते काढा माझ्यावरचं."

मी यंत्राचं मागचं झाकण उघडलं. आत दोन सेल, दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्हींना लाल वेष्टण. म्हणूनच आजवर कोणाला शंका आली नव्हती. मी मीटर काढला आणि त्यांचा दाब वेगवेगळा मोजला. पहिल्या सेलात अजून बराच जोर शिल्लक होता. दुसऱ्यात मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुन्हा मोजलं. तेच. मग मी ते खिडकीजवळ नेऊन त्यांच्यावरची बारीक छपाई वाचली. एकाची मुदत अजून दोन वर्षं पुढची होती. दुसऱ्याची केव्हाच सरली होती.

धर्मराजला विजेचं गणित सांगण्यात अर्थ नव्हता, आणि खरं तर त्याची गरजही नव्हती. मी विचारलं, एका जुवाला जुंपलेले दोन बैल दिवसभर चालले तर जास्त कोण चालला?

"बराबरच की. जू एकच हाय."

"सकाळी दोन्ही सारखे ताजे असले, तर संध्याकाळी एक धडधाकट आणि एक मेलेला, असं होईल?"

त्याने टेबलावरच्या दोन लाल सेलांकडे पाहिलं.

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "एक बैल बदलला कुणीतरी."

३

यंत्राला हात लावलेली माणसं तीनच होती. सेल घालणारा रामकिसन, रात्रभर यंत्रं घरी ठेवणारे काकासाहेब आणि पहाटे ती चालू करून देणारा बद्रीनाथ.

रामकिसनचं सायकलचं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर आहे. मी गेले तेव्हा तो पंक्चर काढत होता आणि पूर्ण वेळ काढतच राहिला. चार सेलचं एक पाकीट आणलं, आपल्या हाताने फोडलं, दोन या यंत्रात, दोन त्या यंत्रात घातले आणि शनिवारी दुपारी दोन्ही यंत्रं काकासाहेबांच्या हवाली केली, असं तो म्हणाला. जुना सेल आपल्या दुकानातून गेलेला नाही. आपण जुने सेल ठेवतच नाही, ते फुटतात आणि डबा खराब होतो.

"पैसे वाचवायला एखादा जुना घातला नसेल ना?" मी विचारलं.

तो हसला. "मॅडम, जुन्या सेलचा शौक मला न्हाई, तुमच्या अध्यक्षाला हाय. मागच्या म्हैन्यात आल्ते हातातली बॅटरी घेऊन. म्हणे, उजेड काजव्यासारखा पडून राह्यला, बल्ब बदल. मी म्हणलं, काकासाहेब, बल्ब ठणठणीत हाय, सेल बदला. तर म्हणे, अजून चालतेत. अजून चालतेत म्हणून माणूस तसाच निघून गेला."

काकासाहेबांची मोंढ्यातली धान्याची आडत आता मुलं सांभाळतात, पण काटकसर त्यांनी मुलांच्या हवाली केलेली नाही. मी त्यांच्या घरी गेले. यंत्रं कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं, किल्ली जानव्याला होती, असं त्यांनी सांगितलं. यंत्रांना कोणी हात लावला का, असं मी विचारलं. कोणीही हात लावला नाही, ते म्हणाले, आणि ते एवढ्या खात्रीने म्हणाले की मी तो प्रश्न तिथेच सोडला. उलट त्यांनीच मला विचारलं की बाई, सहीला एवढा वेळ का लागून राह्यला?

राहिला बद्रीनाथ. फायदा कोणाचा, असा प्रश्न विचारायचाच झाला तर उत्तर त्याच्याकडे बोट दाखवत होतं. धर्मराज बाद झाला की पहिला आलेला माणूस तो. बोलायला गोड, कपडे नीटनेटके. त्याने मला चहा मागवला, स्वतःचं यंत्र समोर ठेवलं आणि झाकण स्वतःच उघडून दिलं. त्यातल्या दोन्ही सेलांची मुदत एकच होती. दाबही मोजला. दोघं सारखेच थकलेले. त्याचे बैल सकाळपासून एकत्रच चाललेले होते.

"पहाटे मी फक्त बटणं दाबली, मॅडम, तीसुद्धा सगळ्यांसमोर. सेल बदलायला मला वेळ कुठे होता?"

हे खरं होतं. पहाटे तिथे सगळं मंडळ उभं होतं.

रेघा कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचं कामही बद्रीनाथच करायचा. धर्मराजच्या फेरीचा छापलेला नकाशा त्याने माझ्यापुढे ठेवला. केदारखेड्याला रेघ चाकूने कापल्यासारखी थांबत होती. यंत्रात एवढीच एक रेघ होती का, मी विचारलं. तो म्हणाला, यंत्र चालू-बंद केलं की बारीकसारीक तुकडे पडतात, आपण मोठी रेघ ठेवतो आणि बाकीचा कचरा नकाशात घेत नाही.

मी चहा संपवला आणि निघाले. माझ्याकडे एक मेलेला सेल होता, तो कुठून आला याचा अंदाज होता, पण त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. सेल कोणीही बदललेला असो, नंदाबाईच्या फोनमध्ये माणूस उतरला होता. काकासाहेबांच्या कानांपुढे माझा मीटर चालणार नव्हता.

४

शुक्रवारी तास संपल्यावर मी भोकरदनची एसटी पकडली.

जालन्यातल्या सगळ्यांनी नंदाबाईचा फोन पुरावा म्हणून वापरला होता आणि नंदाबाईला एकानेही काही विचारलं नव्हतं. याचा मला एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत राग येत होता. प्रयोगात वाचन चुकलं तर आम्ही ते पुन्हा घेतो. इथे एका माणसाची अब्रू जात होती आणि वाचन एकदाच घेतलं होतं, तेही खरखरणाऱ्या फोनवरून.

केदारखेड्याचं ते हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकं आणि भज्यांची कढई. नंदाबाई पन्नाशीच्या, हाताने पीठ कालवता कालवता बोलणाऱ्या. मी जालन्याच्या सायकलवाल्यांकडून आले म्हटल्यावर त्यांनी आधी सायकलवाल्यांचं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. एक पोरगा भजे खाऊन गेला, पैसे राहिले. दुसरा बाकावर झोपला. आणि तुमचा तो अध्यक्ष, फोनवर एवढा वरडतो की कानाला दडे बसतेत.

त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते, आणि थोड्या वेळाने मी शब्द सोडून फक्त क्रियापदं ऐकू लागले. पोरगा गेला. तो झोपला. अध्यक्ष वरडतो. तेवढ्यात समोरून सरपंच मोटारसायकलवरून गेले. नंदाबाई म्हणाल्या, चालला बघा, पुढारी.

"धर्मराज कसा आहे हो?" मी विचारलं.

"धर्मा? लई गुणी पोरगा. एवढा दमेल व्हता, पण कप स्वतः इसळून ठेवला त्यानं."

ठेवला त्यानं. सरपंचाला 'चालला' म्हणणारी ही बाई गोदामातल्या पंचविशीच्या पोराला फोनवर 'उतरले' म्हणेल? काकासाहेब तो शब्द मला जसा ऐकला तसाच सांगत आले होते. त्यांचे कान चांगलेच होते. शब्दाचा हिशेब मात्र त्यांनी केला नव्हता, आणि मीही केला नव्हता.

"नंदाबाई, फोनवर तुम्ही काय बोललात? जसंच्या तसं सांगा."

"काय बोलणार? म्हणलं, धर्मराजचे केदारखेड्याला उतरले."

"उतरला, की उतरले?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी सोपं उदाहरण चुकवणाऱ्या मुलांकडे पाहते. पिठाने माखलेली दोन बोटं वर केली.

"उतरले. दोन व्हते ना ते."

"आणि सेल म्हणालात?"

"म्हणणारच व्हते. तुमच्या अध्यक्षानं बोलू कुठं दिलं? उतरले म्हणल्याबरोबर वरडला, मला वाटलंच व्हतं, अन् फोन आपटला."

मी बाकावर बसून चहा घेतला. 'चे' एवढं एक अक्षर खरखरीत हरवलं होतं आणि त्या अक्षरावर एका माणसाला जीपच्या टपावर चढवण्यात आलं होतं. धर्मराज कोणत्या दिशेला गेला, हेही नंदाबाईंनी पाहिलं होतं. सायकलवर बसून राजूरकडे. पण वळणापुढचं कोणाला दिसतं? काकासाहेब हेच म्हणतील, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर असेल. धर्मराज पुढचं अंतर सायकलवर गेला, हे अजून कोणीच सांगू शकत नव्हतं.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारचा माणूस झोपेत माझ्या खांद्यावर कलत होता. राजूरच्या अलीकडे चढ लागला, गाडीचा वेग पडला, आणि मला धर्मराजचं बोलणं आठवलं. मध्येमध्ये बटन दाबून पाहत होतो. लागायचं, थोडं चालायचं, परत मरायचं.

हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवते. थकलेल्या सेलला थोडा वेळ विसावा दिला की तो किंचित सावरतो. जास्त नाही. मिनिटभर दम धरण्याएवढा.

मी स्टॅण्डवरून घरी न जाता कॉलेजात गेले. शिपायाकडून प्रयोगशाळा उघडून घेतली, यंत्रात दोन नवे सेल घातले आणि त्याच्या छोट्या पडद्यावरचा नकाशा मोठा करत गेले. केदारखेडा दिसलं, रेघेचं तुटलेलं टोक दिसलं. मी नकाशा आणखी मोठा केला आणि जालन्याच्या दिशेला सरकवला.

मग मी स्टूल ओढून घेऊन बसले.

५

बैठक नेहमीप्रमाणे सकाळी ठेवू नका, संध्याकाळी ठेवा, असा आग्रह मी धरला. काकासाहेब कुरकुरले, पण सहीसाठी कबूल झाले. आमच्या भागात त्या आठवड्यात लोडशेडिंग संध्याकाळी होतं आणि लाइट कधी जाते हे गावात लहान पोरालाही पाठ होतं. मंडळाच्या खोलीत सगळे जमले, काकासाहेबांनी ठराव वाचायला घेतला, 'फसवणूक' या शब्दापाशी आले आणि लाइट गेली.

काकासाहेबांनी खिशातून हातातली बॅटरी काढली आणि कागदावर उजेड पाडला. उजेड काजव्यासारखा नव्हता. लख्खही नव्हता. मधला होता.

"बॅटरी जरा देता का?" मी विचारलं.

त्यांनी दिली. मी ती उघडली. एका हातात दोन सेल घेतले आणि त्यांच्या समोर बद्रीनाथच्या मोबाइलच्या प्रकाशात धरले. लाल वेष्टण दोन्हींना होतं. एकाची मुदत सरलेली. दुसऱ्याची दोन वर्षं पुढची, महिन्यासकट रामकिसनने आणलेल्या पाकिटातल्या सेलांचीच.

"काकासाहेब, हा नवा सेल कुठला?"

"यंत्रातला," काकासाहेब म्हणाले. सहज म्हणाले. "त्या दिवशी पहाटे घरून निघताना बॅटरी लागेना. नंबर कसे लावायचे? दुकानं बंद. मग एका यंत्रातला एक घेतला, माझा एक त्यात घातला. एक घेतला, एक दिला, बराबर झालं. दोन्ही कशाला बदलायचे? एक नवा टाकला की भागतं."

"तुम्ही म्हणालात, यंत्राला कोणी हात लावला नाही."

"दुसऱ्या कोणी कुठे लावला?"

खोलीत कोणी हसलं नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं हे कळेल. रामकिसनने अंधारात कपाळावर हात मारल्याचा आवाज मात्र आला. वीस तास चालणारं यंत्र चौदा तासांच्या फेरीला पुरून उरणार, मग त्यातला थोडा जोर बॅटरीला दिला तर बिघडलं काय, असा काकासाहेबांचा हिशेब होता. सेल म्हणजे ज्वारी नव्हे, मूठभर काढून तेवढीच जुनी घातली की माप भरतं असं नसतं, हे मी त्यांना समजावलं. जोडीतला म्हातारा बसला की ताजाही तिथेच थांबतो. मग मी फोनचं सांगितलं. 'चे' सांगितलं. "दोन व्हते ना ते" हे नंदाबाईचं वाक्य त्यांच्याच बोलीत सांगितलं.

काकासाहेबांनी ते सगळं ऐकून घेतलं. पण शेवटी ते आडतीचे व्यापारी होते.

"मान्य," ते म्हणाले. "माझा सेल, माझा कान. मान्य. पण मॅडम, सेल उतरले म्हणजे हा पुढे सायकलवर गेला, असं कुठे होतं? जीप तर मिळतेच."

बरोबर होतं. मी बद्रीनाथला म्हणाले, तुझा लॅपटॉप चालू कर, याला विजेची गरज नाही. यंत्र जोड. आणि या वेळी कचऱ्यासकट दाखव.

त्याने जोडलं. त्याची बोटं एरवी फार चपळ आहेत. त्या संध्याकाळी नव्हती.

पडद्यावर मोठी रेघ आली, केदारखेड्याला संपली. तिच्यापुढे, जालन्याच्या रस्त्यावर, विखुरलेले बारीक तुकडे दिसले. प्रत्येक तुकडा नखाएवढा. धर्मराजने बटण दाबलं तेव्हा विसावलेला सेल मिनिटभर जागा झाला होता आणि तेवढ्यात यंत्राने उपग्रह गाठून, जागा आणि वेळ लिहून ठेवली होती. मी बद्रीनाथला प्रत्येक तुकड्याचा वेग वाचायला सांगितलं. सपाटीवरचा वेग सायकलचा होता. राजूरच्या चढावरचा तुकडा तर चालत्या माणसाहून जरासाच पुढे होता. एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि शेवटच्या तुकड्यापासून जालन्यात पोचेपर्यंत, लागलेला वेळही सायकलचाच होता. जीप तेवढ्या वेळात जालन्यात पोचून प्रवासी उतरवून परत फिरली असती.

"चढावर हात दुखत होते तरी दाबलं बटन," धर्मराज कोपऱ्यातून म्हणाला. "वाटलं, लागलं तर लागलं."

काकासाहेब उठले. ठरावाचा कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला. मग मंडळाच्या फोनवरून तीर्थपुरीला पुंजारामांच्या शेजारी फोन लावला, पुंजारामांना बोलावून घेतलं आणि कर्ता, कर्म, क्रियापद यांपैकी काहीही न गाळता सांगितलं की तुमच्या मुलाने सबंध फेरी सायकलवरून पूर्ण केली, तो पहिला आला, तो पुण्याला जाणार आहे आणि चूक माझी होती. मग, सवयीप्रमाणे, पुन्हा सगळं सांगितलं. त्या एका वेळी मला त्या सवयीचं काही वाटलं नाही.

फोन धर्मराजच्या हातात गेला. तो फक्त हो, हो म्हणत होता. शेवटी म्हणाला, "येतो की. उद्याच येतो."

चहा आला. बद्रीनाथ लॅपटॉप मिटून पिशवीत घालत होता. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारू नये असंही वाटत होतं. अशा वेळी मी प्रश्न विचारते, हा माझ्या शिक्षणाचा दोष आहे.

"बद्रीनाथ, हे तुकडे तू आधी पाहिले होतेस?"

त्याने पिशवीची चेन लावली. मग परत उघडली.

"पाहिले होते," तो म्हणाला. "त्याच दिवशी. पण काकासाहेबांनी तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं, मॅडम. म्हटलं, कोणी विचारलं तर सांगू."

कोणी विचारलं नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून, त्याचा चहा पिऊन, कचरा हा शब्द ऐकून उठून गेले होते. काकासाहेब काहीतरी बोलणार होते, मी हाताने त्यांना थांबवलं. बद्रीनाथची स्वतःची रेघ अखंड होती, त्याची फेरी खरी होती, पुण्याला तोही जाणार होता. ते कोणत्याही नियमाने काढून घेता येत नव्हतं.

सगळे धर्मराजकडे पाहू लागले. त्याने चहा घेतला नव्हता. कप हातात धरून तो बद्रीनाथसमोर येऊन उभा राहिला.

"बद्रीभाऊ, पुण्याच्या फेरीत रातभर चालायचं हाय म्हणतेत. दोघंच असू आपण."

"हो," बद्रीनाथ म्हणाला.

"तुम्ही पुढं चालवत जा," धर्मराज म्हणाला. "माझ्या मागं नका राहू. मला दिसत राहा."